दहा फूट दहा इंचांची भिंत: एका घराच्या नकाशाचा प्रकरण अभ्यास

घराचा नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी अडलं की आपण स्क्रीनचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तरं येतातही. या प्रकरणात ती भरपूर आली आणि त्यातली बरीचशी आपापल्या जागी बरोबर होती. तरीही एक चांगली उभी भिंत पाडायचं जवळजवळ ठरलं होतं. हे कसं झालं ते क्रमाने मांडतो. घर, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं आणि त्यांचे हिशोब मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळी गोम त्यातच आहे.

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं. घर जुनं. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, मयालीवर (छताच्या मुख्य तुळईवर) तोललेलं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छत, आत शेजारीशेजारी दोन खोल्या: माजघर आणि स्वयंपाकघर. पुढे सपरी (पडवी), त्यापुढे आंगण, आंगणात कडुनिंब. शेती कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की कापूस घरातच येऊन पडतो आणि मग माणसांनी कुठे झोपायचं हा दरवर्षीचा प्रश्न.

वडिलांचं नाव घरकुलाच्या यादीत लागलं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात (२०१६ पासून ती या नावाने चालते) सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं लागतं, स्वयंपाकाची जागा धरून. घरच्यांचा बेत असा: सपरी काढायची, तिथे नऊ इंची विटांच्या भिंतींच्या दोन खोल्या बांधायच्या, एक बैठकीची, एक स्वयंपाकाची. मागची मातीची दोन दालनं तशीच ठेवायची आणि जुन्या स्वयंपाकघरात कापूस, धान्य ठेवायचं.

मुलगी बी.ए. झालेली. एमएस-सीआयटी केलेलं, गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. नकाशा आपणच काढायचा असं तिने ठरवलं. हौस होतीच, शिवाय आईला आधी डोळ्यांनी दिसल्याशिवाय काही पटत नाही. सॉफ्टवेअर निवडलं स्वीट होम थ्रीडी. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच विकासकाने २००६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आणि मुख्य म्हणजे एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. ज्या गावात लाइन गेली की टॉवरही तासाभरात मान टाकतो, तिथे ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

मापं मिस्त्रीकाकांनी घेतली. वहीचं एक पान, वर पेन्सिलीने चौकोन, त्यात आकडे. मुलीने ते आकडे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ३०.४८ ने गुणले आणि सेंटिमीटर करून सॉफ्टवेअरमध्ये भरले.

अडचण जशी समोर आली

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात नागपूरचे एक इंटिरिअरवाले दादा आहेत, पुण्यात आयटीत असलेला चंद्रपूरकडचा एक मुलगा आहे, अकोल्याला एका ठेकेदाराकडे बिलं तपासणाऱ्या ताई आहेत, आणि कोपऱ्यात मीही आहे. तिचा पहिला मेसेज असा होता: ‘थ्रीडी दिसत नाही आणि खोली भरत नाही. प्लीज मदत करा.’ सोबत मोबाइलने काढलेला लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो, वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी.

एका ओळीत दोन तक्रारी होत्या आणि पुढचा निम्मा गोंधळ त्यातूनच झाला.

पहिली तक्रार सरळ. वर नकाशा आणि खाली त्रिमितीय चित्र अशी या सॉफ्टवेअरची मांडणी असते. खालचा भाग तिच्याकडे नुसता करडा दिसत होता. दुसरी तक्रार अशी की भिंती काढून झाल्यावर खोलीच्या साधनाने आत दोनदा क्लिक केलं की फरशी आपोआप भरते, ती स्वयंपाकघरात भरत नव्हती. कारण फोटोतही दिसत होतं. मागची भिंत दोन तुकड्यांत, ३०७.८ आणि २७७.७ सेंटिमीटर. पुढची भिंत एकसंध, ७७१.१ सेंटिमीटर. पुढची भिंत मागच्यापेक्षा १८५ सेंटिमीटरहून जास्त लांब, म्हणजे सहा फूट. उजवीकडची बाजू सरळ खाली उतरत होती आणि पुढची भिंत तिला ओलांडून बाहेर निघून गेली होती. चौकोन बंदच होत नव्हता.

पहिले सल्ले

सगळ्यांचं लक्ष आधी करड्या चित्राकडे गेलं. ते साहजिक होतं. त्रिमितीय चित्र न दिसणं ही या सॉफ्टवेअरमधली ओळखीची तक्रार आहे आणि तिचं नेहमीचं औषधही सगळ्यांना पाठ आहे: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नवा करा. पुण्याच्या मुलाने लॅपटॉपचं मॉडेल विचारलं, ड्रायव्हर कुठून घ्यायचा ते सांगितलं. तिने रात्री, गावात सगळे झोपले की नेट बरं चालतं तेव्हा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरवला. सकाळी चित्र दिसायला लागलं.

सल्ला अचूक होता. पण त्याच्या यशाने एक नको ती गोष्ट झाली. लॅपटॉप जुना, मेमरी चार जीबी, ड्रायव्हर शिळा, हे एकदा सिद्ध झाल्यावर राहिलेली अडचणही त्याच जातीची असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. मग सल्ल्यांची रांग लागली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. नवी आवृत्ती घ्या. चुंबक बंद करा. (भिंत काढताना ती १५ अंशांच्या टप्प्यांवर आणि जवळच्या टोकांवर आपोआप चिकटते, त्याला इथे चुंबक म्हणतात. बऱ्याच नव्या लोकांना त्याचा त्रास होतो हे खरं, पण इथे त्याचा काही दोष नव्हता.) एकाने तर हे सोडा आणि दुसरं सॉफ्टवेअर घ्या असं सांगून त्याची लिंकही टाकली. तो मनुष्य कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देतो.

मग नागपूरच्या दादांनी काम संपवणारा सल्ला दिला: ‘ताई, पुढच्या भिंतीचं टोक धरून मागच्या भिंतीच्या रेषेत ओढा. चौकोन बंद होईल, खोली भरेल.’

पहिला निर्णय: फट मिटवली

तिने टोक ओढलं. चौकोन बंद झाला. दोनदा क्लिक केल्यावर फरशी भरली, खोलीचं नाव आणि क्षेत्रफळ उमटलं, थ्रीडीत नीटनेटकं घर उभं राहिलं. ग्रुपवर अंगठे पडले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणातला हा सगळ्यात महागात पडू शकणारा क्षण. फट बंद झाली तेव्हा सहा फुटांचं काय झालं हे कुणीच विचारलं नाही. पुढची भिंत मागच्याएवढी केली, म्हणजे मागची भिंत बरोबर आणि पुढची चूक असं मानलं गेलं. तसं मानायला कुठलाही आधार नव्हता. मागची तुकड्यांत होती आणि पुढची एका मापाची होती, उलट पुढचीवर जास्त भरवसा ठेवायला हवा होता. पण विचारलेला प्रश्न ‘खोली भरत नाही’ हा होता आणि खोली तर भरली होती.

त्या ओढलेल्या नकाशात माजघर आतून साडेआठ फूट रुंद निघालं आणि स्वयंपाकघर साडेसात फूट. बाहेरून अख्खं घर २० फूट १० इंच. यावरून पुढचे बेत आखले गेले. साडेसात फुटांत कापूस मावणार नाही, तेव्हा मधली भिंत पाडून दोन्ही खोल्या एक कराव्यात, असं वडील म्हणाले. नव्या दोन खोल्याही जुन्या घराच्या रुंदीएवढ्याच घ्यायच्या होत्या. नऊ इंची तीन भिंती वजा करता आतली रुंदी १८ फूट ७ इंच राहत होती. बारा फूट लांबी धरली तर २२३ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटरला बऱ्यापैकी कमी. मग लांबी साडेचौदा फूट करायची, अडीच फूट आंगणात सरकायचं. आणि त्या अडीच फुटांत कडुनिंब येत होता.

मधली भिंत मातीची असली तरी ती नुसती आडोशाची नव्हती. मयाल तिच्यावर टेकलेली होती.

शंका कुठून आली

ग्रुपमधून नाही. आईकडून.

मुलीने लॅपटॉप फिरवून माजघर दाखवलं. आईने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘अन् कोठी कुठं गेली?’ माजघराच्या मागच्या भिंतीला लोखंडी पलंग आणि धान्याची पत्र्याची कोठी एका रांगेत लावलेली आहेत, वर्षानुवर्षं. पलंग सव्वासहा फुटांचा, कोठी तीन फुटांची. दोन्ही मिळून सव्वानऊ फूट होतात, आणि शेवटी चपला ठेवायला जागा उरते. नकाशातलं माजघर साडेआठ फुटांचं. ‘माह्या घरात मावते अन् तुह्या घरात मावत नाही, हे कसं?’

मुलगी मिस्त्रीकाकांकडे गेली. ते भडकले. ‘टेप माह्याच हाताची हाय. आकडे बरोबर हायेत. तुहं कंपूटर काय मोजते ते पाय.’

समोरचे पर्याय

तिने दुसऱ्यांदा ग्रुपवर लिहिलं तेव्हा प्रश्न बदलला होता: ‘नकाशातलं घर खऱ्या घरापेक्षा लहान येतंय.’ हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता. त्यावर जे पर्याय पुढे आले ते असे.

सगळं घर पुन्हा मोजायचं, हा एक. मिस्त्री दुखावले असते, आणि त्याच पद्धतीने मोजून त्याच पद्धतीने भरलं असतं तर आकडे तेच आले असते. दुसरा पर्याय तालुक्याच्या गावी नकाशे काढणाऱ्याकडे द्यायचा. तो पैसे घेतो, पण काम जाणतो. वडिलांचा कल तिकडे होता. माझंही मत तेव्हा हेच होतं आणि आजही घर अडचणीचं असेल तर मी हेच सांगेन. तिसरा पर्याय मूळ फाइल ग्रुपवर पाठवायची, म्हणजे कुणीतरी उघडून भिंती तपासेल. चौथा, अकोल्याच्या ताईंनी सुचवलेला: ‘फाइल नको. मिस्त्रींचा कागद पाठव.’

तिने आधी फाइल पाठवली, डॉक्युमेंट म्हणून. ती जड झाली होती, कारण तिने आईसाठी कुठूनकुठून पलंग, तुळशीवृंदावन, बैलगाडी असली मॉडेलं आणून ठेवली होती. या सॉफ्टवेअरची फाइल म्हणजे आतून एक झिप असते आणि आणलेली प्रत्येक वस्तू तिच्यात भरली जाते. पुण्याच्या मुलाने ती उघडली, प्रत्येक भिंतीची टोकं, लांबी, जाडी पाहिली. त्याचा निकाल: ‘फाइलमध्ये काही चूक नाही. तुम्ही जे भरलंत तेच काढलंय.’

हे उत्तर पूर्ण खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. फाइलमध्ये भिंत किती आहे हे कळतं, किती असायला हवी हे कळत नाही. ते फक्त कागदावर होतं.

कागद

कागदाचा फोटो आला. त्यावर एवढंच होतं:

माजघर: रुंदी १०.१०, लांबी ११.८
सैपाकघर: रुंदी ९.११, लांबी ११.८
भिंत: १.६
पुढून बाहेरून: २५.३

ताईंनी मिनिटभरात लिहिलं, ‘टिंबानंतर कुठेही ११ च्या वर आकडा नाही. हे फूट आणि इंच आहेत गं.’ दिवसभर मोजमाप पुस्तकं आणि मिस्त्रींच्या चिठ्ठ्या चाळणाऱ्या बाईला ते दिसणारच. बाकी आम्ही नकाशे पाहत होतो.

मुलीने खात्री करायला फोन लावला. ‘काका, दहा पॉइंट दहा म्हणजे किती?’ ‘दहा फूट दहा इंच. अन् काय!’ ‘मग दहा फूट एक इंच कसं लिहिता?’ ‘दहा पॉइंट एक.’

मिस्त्रींच्या वहीत हे दोन वेगळे आकडे आहेत. कॅल्क्युलेटरला १०.१ आणि १०.१० एकच; दोन्हींचे ३०७.८ सेंटिमीटर. खरे दहा फूट दहा इंच म्हणजे १३० इंच, ३३०.२ सेंटिमीटर. एका भिंतीत बावीस सेंटिमीटरहून जास्त गायब. ९.११ चं आणखी वाईट: भरले २७७.७, खरे ३०२.३.

ही चूक लवकर पकडली न जाण्यामागे एक खोच आहे. ती एकाच दिशेने होत नाही. टिंबानंतर १० किंवा ११ असेल तर माप बरंच कमी येतं. एक ते नऊ असेल तर थोडं जास्त येतं. २५.३ चे भरले ७७१.१, खरे २५ फूट ३ इंच म्हणजे ७६९.६. भिंतीची जाडी भरली ४८.८, खरी ४५.७. लांबीत चार सेंटिमीटर जास्त. म्हणजे आतल्या रुंद्या आखडल्या आणि बाहेरचं माप किंचित फुगलं. सगळं सारख्या प्रमाणात लहान झालं असतं तर नकाशा छोटा पण जुळणारा आला असता आणि बहुधा कुणाच्याच लक्षात आलं नसतं. फट पडली हे नशीबच म्हणायचं.

उरलेले साडेचार फूट

इथे सगळे खूश झाले आणि प्रकरण मिटलं असं वाटलं. ताईंनी आधी नुसत्या कागदावर बेरीज करायला सांगितली. ती बेरीज मीही करून पाहिली. मागे आतून १० फूट १० इंच अधिक ९ फूट ११ इंच, एकूण २० फूट ९ इंच. पुढे बाहेरून २५ फूट ३ इंच. फरक साडेचार फूट.

टिंबाची चूक सुधारूनही साडेचार फूट उरतच होते. सहातले दीड फूटच सुटले होते.

पण हा उरलेला आकडा गोल होता. गोल आकडा दिसला की कान टवकारावेत. घराला आडव्या रांगेत भिंती किती? डावीकडची, मधली, उजवीकडची. तीन. प्रत्येकी दीड फूट. तीन दीडं साडेचार.

मिस्त्रींनी खोल्या आतून मोजल्या होत्या, भिंतीच्या अंगापासून भिंतीच्या अंगापर्यंत. टेप तसाच लागतो. पुढची बाजू त्यांनी बाहेरून मोजली, कारण नवं बांधकाम त्या रेषेत यायचं होतं. दोन्ही बरोबर. सॉफ्टवेअर मात्र भिंतीची लांबी तिच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर धरतं आणि जाडी दोन्हीकडे अर्धी-अर्धी पसरवतं. म्हणजे आतलं माप भरलं तर खोली एका भिंतीच्या जाडीने लहान होते. बाहेरचं माप भरलं तर घर तेवढंच मोठं होतं. तिने मागे आतलं भरलं, पुढे बाहेरचं.

ग्रुपमध्ये इतके अनुभवी लोक असताना हे कुणाला का सुचलं नाही, याचं उत्तर भिंतीच्या जाडीत आहे. या सॉफ्टवेअरमध्ये न बदलता ठेवली तर भिंत साडेसात सेंटिमीटरची येते, तीन इंच. शहरातल्या फ्लॅटमध्ये तीन-साडेचार इंची आडभिंती असतात. तिथे मधल्या रेषेचा फरक जेमतेम तेवढाच, तीन-साडेचार इंच, सोफा जरा सरकवला की भागतं. दीड फुटी मातीच्या भिंतीत मात्र प्रत्येक खोली दीड फुटाने आखडते. दादांनी नागपुरात शेकडो खोल्या रंगवल्या असतील, त्यांना हा फरक कधी बोचलाच नव्हता.

दुरुस्ती

जुनी फाइल सुधारायची की नव्याने काढायची, यावर थोडी चर्चा झाली. नव्याने काढायचं ठरलं. ओढाताण केलेल्या भिंतींमध्ये कुठली मूळची आणि कुठली ओढलेली हे तिलाच आठवत नव्हतं.

आधी कागदावरच्या सगळ्या मापांपुढे इंच लिहिले: १३०, ११९, १४०, १८, ३०३. मग प्रत्येक आतल्या मापात एका भिंतीची जाडी, म्हणजे १८ इंच, मिळवली आणि बाहेरच्या मापातून तेवढीच वजा केली. माजघराची मागची भिंत १४८ इंच, स्वयंपाकघराची १३७, बेरीज २८५. पुढची भिंत ३०३ वजा १८, तीही २८५. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा सॉफ्टवेअर अजून उघडलेलंही नव्हतं.

मग इंचांना २.५४ ने गुणून भिंती भरल्या. माउसने अंदाजे ओढण्याऐवजी भिंत सुरू केल्यावर एंटर दाबून लांबी टाइप केली. खोल्या पहिल्याच डबलक्लिकला भरल्या. शेवटी मापरेषेच्या साधनाने आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत रेघ ओढून पाहिली: माजघर ३३०.२. पलंग आणि कोठी ठेवल्यावर दीड फुटाच्या वर जागा उरली. आईने चपलांची विचारणा केली.

एक गोष्ट जाणूनबुजून सोडून दिली. ताईंनी माजघराचे दोन्ही कर्ण मोजायला सांगितले होते. एक निघाला १६ फूट अर्धा इंच, दुसरा १५ फूट साडेनऊ इंच. काटकोन असता तर दोन्ही सारखे आले असते. तीन इंचांचा फरक म्हणजे खोली सव्वादोन इंच तिरकी. जुनं मातीचं घर, तेवढं चालायचंच. जुना भाग नकाशात सरळच दाखवला आणि नव्या भागाची आखणी मिस्त्रींनी जागेवर गुनिया (काटकोन तपासायचं हत्यार) लावून करायची असं ठरलं. पुण्याच्या मुलाला हे पटलं नाही. त्याच्या मते तिरकं तर तिरकं काढायला हवं होतं. मला वाटतं, ज्या भिंतीला हात लावायचा नाही तिचे सव्वादोन इंच नकाशात आणून बाकी सगळे कोन बिघडवण्यात अर्थ नव्हता.

परिणाम

मधली भिंत राहिली. जुनं स्वयंपाकघर आतून ९ फूट ११ इंच आहे आणि कापसाला तेवढं पुरेल असा वडिलांचा अंदाज आहे. नव्या भागाची बाहेरची रुंदी २५ फूट ३ इंच धरली. नऊ इंची तीन भिंती गेल्या की आत २३ फूट. बारा फूट लांबीने २७६ चौरस फूट, साडेपंचवीस चौरस मीटरच्या थोडं वर. २५ चौरस मीटर आतून मोजायचे की बाहेरून, हा वाद नको म्हणून त्यांनी आतलंच माप धरलं. आंगणात सरकायची गरज उरली नाही, त्यामुळे कडुनिंबही वाचला.

मिस्त्रीकाका आता तिला ‘इंजिनेर’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती ते तेच जाणोत.

वेगळं काय करता आलं असतं

दोन तक्रारी दोन मेसेजांत टाकल्या असत्या तर ड्रायव्हरचं उत्तर ड्रायव्हरपुरतंच राहिलं असतं. हे तिने करायला हवं होतं तितकंच ग्रुपनेही. ‘यातली कुठली आधी बघू?’ असं कुणी एकाने जरी विचारलं असतं तरी पुरे होतं.

फट मिटवायचा सल्ला देण्याआधी ती किती आहे हे विचारायला हवं होतं. बोटभर फट असेल तर ओढून मिटवावी, हात घसरलेला असतो. सहा फूट हाताने घसरत नाहीत. दादांचं म्हणणं असं की ते रोज अशा पन्नास फटी मिटवतात आणि प्रत्येकीची चौकशी करत बसले तर पोट भरणार नाही. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण त्यांच्याकडे मापं त्यांच्याच माणसाने घेतलेली असतात. इथे मोजणारा एक, भरणारी दुसरी आणि सल्ला देणारा दोनशे किलोमीटरवर.

फाइल आधी मागावी की कागद, यावर ताई आणि पुण्याच्या मुलाचं अजून जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, कागद मागायला लागलो तर लोक बिचकतील, कुणाकडे कागदच नसतो. ताई म्हणतात, कागद नसेल तर नकाशा कशाचा काढताय? मी दोघांच्या मधला आहे. तक्रार चित्र दिसत नाही, प्रोग्रॅम बंद पडतो अशी असेल तर कागदाचा काही संबंध नाही. भिंत जुळत नाही, खोली लहान येते, दार बसत नाही अशी असेल तर आधी कागद, आणि त्यासोबत एवढंच विचारावं की माप आतून घेतलं की बाहेरून.

एककाचा प्रश्न मात्र मिस्त्रींवर ढकलू नये. ते टिंब देऊन लिहितात ते त्यांच्या कामाला पुरतं. त्यांचा टेपही फूट-इंचांचाच आहे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर मध्ये आला तिथे ते टिंब बिघडलं. म्हणून भरणाऱ्यानेच कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी इंच करून घ्यावेत. फुटांना बाराने गुणा, टिंबानंतरचे मिळवा. पाढे येणाऱ्याला कागदावरच होतं.

छताचं काम अजून बाकी आहे. या सॉफ्टवेअरमध्ये छतासाठी वेगळं साधन नाही. तयार आकार आणून किंवा भिंतींना उतार देऊन काम भागवावं लागतं, आणि मयालीवरून दोन्हीकडे उतरणारे कवेलू त्यात बसवणं किचकट आहे. नव्या खोल्यांवर टिनाचे पत्रे घालायचे की स्लॅब, हे घरात ठरत नाहीये. पत्रे घातले तर पावसाचं पाणी जुन्या कवेलूंकडे वळणार का, ते तिला थ्रीडीत पाहायचं आहे. त्यासाठी मयालीची आणि पाखीची (छताच्या उतरत्या बाजूची) उंची मोजायला मिस्त्रीकाका पोळ्यानंतर येणार आहेत.